ते रेखाटन नाही, फोटोवरनं कोरलेलं चित्र आहे

संपादक साहेब, स.न.वि.वि.

रविवारच्या पुरवणीत जपानवरचा लेख वाचला, झकास होता, तक्रार फक्त ऐनू (म्हणजे उत्तर जपानातले मूळ रहिवासी) म्हाताऱ्याच्या चित्राखालच्या एका ओळीची आहे, 'प्रवाशाने काढलेले जुने रेखाटन'. माझं फोटो फ्रेमचं दुकान आहे, वडिलांपासनं, त्यामुळं असलं काही दिसलं की डोळ्याला टोचतंच. मान ताठ, दोन्ही पंजे मांडीवर दाबलेले, नजर समोर खिळलेली, असा माणूस चित्रकारापुढं नाही बसत हो, कॅमेऱ्यापुढं बसतो, आणि तोही त्या काळच्या कॅमेऱ्यापुढं, म्हणजे काचेला मसाला लावायचा, तो ओला आहे तोवरच फोटो घेऊन लगेच धुवायचा आणि समोरच्यानं काही सेकंद अजिबात हलायचं नाही.

त्या काळची प्रवासाची पुस्तकंच बघा, इसाबेला बर्ड ही इंग्रज बाई १८७८ मध्ये जपानच्या उत्तरेच्या होक्काइदो बेटावर ऐनूंच्या बिरातोरी गावात राहून आली, १८८० ला पुस्तक निघालं, आणि चित्रं काही माझ्या स्केचवरनं तर काही जपानी फोटोंवरनं कोरलीत असं तिनं प्रस्तावनेत सरळ सांगून टाकलंय. तेव्हा पुस्तकात फोटो जसाच्या तसा छापायची सोय रुळली नव्हती, मग फोटो बघून लाकडाच्या ठोकळ्यावर कोरायचं. कोरणाऱ्यानं ऐनू माणूस जन्मात बघितलेला नसायचा, त्यामुळं मागचं काही गाळलं, एखादं झाड घातलं, हे चालायचंच.

आमच्याच घरात बघा की. आजोबांचा एकच फोटो, जत्रेतला, अंगात बंडी, डोकं उघडं. वडिलांनी तो पेंटरकडनं मोठा करून घेतला तर फेटा आला, कोट आला, कोटाला घड्याळाची साखळी पण आली. आता पोरं विचारतात पणजोबा वकील होते का! होते हमाल, शाहूपुरीत गुळाच्या अडतीवर.

बरं मूळ फोटो तरी कुणी आणि कशाला काढले? होक्काइदो हे नावच १८६९ चं, जपान सरकारनं तिथं वस्ती वसवायला काइताकुशी नावाचं खातं काढलं आणि नवे रस्ते, इमारती असल्या कामांचे फोटो घ्यायला तिथल्याच हाकोदाते गावच्या तामोतो केन्झो ह्या फोटोग्राफरला लावलं, थंडीनं एक पाय गमावलेला माणूस, तरी फिरला. १८७२ ला योकोहामातला ऑस्ट्रियन फोटोग्राफर स्टिलफ्रीड पण ह्याच खात्याच्या कामावर तिकडं गेला. दोघांनीही ऐनूंचे फोटो घेतले. आणि ह्याच खात्यानं १८७१ ला ऐनू मुलींच्या ओठाभोवती गोंदायला बंदी घातली होती! एकीकडं गोंदू नका म्हणायचं आणि दुसरीकडं गोंदलेल्या बायकांचे फोटो काढून ठेवायचे. 'प्रवाशाचे रेखाटन' म्हटलं की हे खातंबितं सगळं गायबच होतं.

तर पुढच्या वेळी 'फोटोवरून कोरलेले' एवढं तरी टाका, फोटोग्राफर माहीत नसला तर तसं लिहा, त्यात कमीपणा नाही. आणि हो, असल्या चित्राच्या खालच्या कोपऱ्यात बऱ्याचदा कोरणाऱ्याची बारीक सही असते, तुमच्या माणसानं चित्र कॉलमात बसवायला नेमकी तिथंच कात्री मारलीय.

आपला,
एक फ्रेमवाला, कोल्हापूर