मंत्रिमहोदय, दिवाळी कोणत्या सालची?

माननीय मंत्रिमहोदय,
स. न. वि. वि.

गेल्या वर्षी सोलापुरात तुमच्या हस्ते माझ्या मुलीचा सत्कार झाला. थकलेली संशोधनवृत्ती दिवाळीआधी खात्यात जमा होईल, असे तुम्ही माईकवरून सांगितलेत. दिवाळी गेली, जानेवारीतली आमची गड्डा यात्राही उठली. परवा तिला पत्र आले: निधीअभावी वृत्ती स्थगित.

ती अंटार्क्टिकाच्या ओर्कांवर, म्हणजे किलर व्हेलवर काम करते. "मासे मोजायला पगार कशाला?" असे तुमच्या खात्यातल्या एका साहेबांनी फोनवर विचारले. साहेब, ओर्का मासा नव्हे, डॉल्फिनच्या कुळातला सस्तन प्राणी. तिकडे त्याचे निदान पाच प्रकार. एक मिंकी व्हेल मारतो, एक रांगेने पोहत लाट उठवून बर्फाच्या लादीवरचा सील पाण्यात पाडतो, रॉस समुद्रातला मासे खातो. एकाला बर्फ वितळल्याचा फटका, दुसऱ्याला मासेमारीचा. सगळ्यांना एकच औषध कसे चालेल? आययूसीएन या जागतिक निसर्ग-संवर्धन संस्थेच्या यादीत ओर्का अजून 'अपुरी माहिती' या रकान्यात आहे. माहिती गोळा करणारी पोरे उपाशी ठेवा, म्हणजे रकाना बदलायची कटकट नको!

रात्री दोनपर्यंत ती फोटो जुळवत बसते. पाठीवरच्या पराची खाच, त्यामागचा राखाडी डाग, डोळ्याजवळचा पांढरा पट्टा. मी जन्मभर माग चालवला. किनार पाहून चादर कोणाच्या हातची ते सांगायचो, तसेच हे. आता तिच्या खोलीचे भाडे माझ्या पेन्शनीतून जाते. ती पेन्शन किती, ते सांगायची लाज वाटते. बीपीची गोळी अर्धी करून घेतो. बायकोची गुडघ्याची शस्त्रक्रिया पुढे ढकलली, मुलीला कळवलेले नाही.

पैसा नाही म्हणता? अंटार्क्टिकात 1989 ला मैत्री, 2012 ला भारती ही संशोधन केंद्रे उभारलीत, 2022 ला अंटार्क्टिकाचा कायदा केलात. बर्फात झेंडा धरून फोटो काढायला कधी निधी कमी पडला नाही.

आणि लांब कशाला जायचे? आमच्या सोलापूरजवळच्या नान्नजचा माळढोक पक्षी घ्या. अभयारण्य कागदावर साडेआठ हजार चौरस किलोमीटर होते म्हणे, कापत कापत बाराशेवर आणलेत. आता एखादा माळढोक दिसला की पेपरात बातमी येते. उजनी धरण भरले तरी आमच्या नळाला रोज पाणी नाही. काय ओ साहेब, तुम्हाला जिवंत काही सांभाळता येते का? ठेकेदार सोडून?

थकबाकी द्या. द्यायची नसेल तर तसे सहीनिशी लिहून द्या, म्हणजे पोरगी दुसरीकडे अर्ज करेल. 'प्रक्रिया सुरू आहे' असे उत्तर पाठवू नका, ते आमच्याकडे भरपूर आहे.

कळावे,
एक निवृत्त यंत्रमाग कामगार, सोलापूर