मैदानाला आधी रांजण द्या, मग प्रेक्षकांच्या पायऱ्या

मा. संपादक,
स. न. वि. वि.

तालुक्याच्या ठिकाणी मैदानांसाठी निधी मंजूर झाल्याच्या बातम्या आपल्या दैनिकात अधूनमधून वाचतो. त्यांत संरक्षक भिंत असते, प्रवेशद्वार असते, प्रेक्षकांना बसायला पायऱ्या असतात. तासभर खेळून घामाघूम झालेल्या पोराला किंवा पोरीला जे लागते, ते मात्र कुठल्याच अंदाजपत्रकात दिसत नाही. प्यायला पाणी, टेकायला बाक, काटा काढायला चिमटा आणि आतून कडी लागणारे संडासाचे दार, एवढ्या साध्या, सगळ्यांनी मिळून वापरायच्या सोयींसाठी हे पत्र लिहितो आहे.

विषय निघण्याचे कारण आमच्या गावाबाहेरची पडीक जागा. पाण्याच्या टाकीमागे कडुलिंबाची बरीच झाडे आहेत, कडेने वेडी बाभूळ माजली आहे. तिथे पहाटे पोलीस भरतीची मुले-मुली धावतात, आणि अलीकडे कॉलेजच्या काही मुलांनी डिस्क गोल्फ सुरू केला आहे. पुष्कळ वाचकांनी हा खेळ पाहिला नसेल. ठरलेल्या जागेवरून चकती फेकायची, ती पडेल तिथून पुढची फेक करायची आणि कमीत कमी फेकींत ती टोपलीत घालायची. टोपली म्हणजे खांबावर बसवलेली लोखंडी जाळी आणि तिच्यावर लोंबणाऱ्या साखळ्या. साखळ्यांवर आपटून चकतीचा जोर मरतो आणि ती खाली जाळीत पडते. चकती साधारण वीतभर रुंद असते, वजन बहुधा दीडशे ते एकशेऐंशी ग्रॅम. पुरे मैदान अठरा टोपल्यांचे, लहान मैदान नऊंचे. अमेरिकेत कॅलिफोर्नियातल्या ओक ग्रोव्ह बागेत एड हेड्रिक यांनी १९७५ मध्ये पहिले कायमचे मैदान आखले आणि साखळ्यांची टोपलीही त्यांनीच घडवली. त्याआधी लोक झाडावर, दिव्याच्या खांबावर, कचऱ्याच्या पिंपावर नेम धरून खेळत. आमच्या मुलांचेही तेच चालले आहे. नऊ लिंबांना त्यांनी गेरूचे पट्टे ओढले, आकडे घातले आणि खेळ सुरू केला. कुणाकडे परवानगीखेरीज काही मागितले नाही.

या खेळाची मला आवडलेली बाजू वेगळीच आहे. परदेशातल्या पुष्कळ सार्वजनिक बागांमध्ये तो फुकट खेळता येतो, आणि तिथले खेळाडूच मैदानाची निगा राखतात. फेकीच्या जागेशेजारी एखादा बाक, पाय ठेवायच्या फरशीवरची माती झटकायला झाडू, पिशवी टांगायला खुंटी, कुठली टोपली कुठे आहे हे सांगणारा नकाशा, आणि सापडलेल्या चकत्या टाकायला एक पेटी. खेळाडू चकतीच्या पाठीवर आपले नाव नि फोन नंबर लिहून ठेवतात. ज्याला सापडेल तो पेटीत टाकतो किंवा फोन करतो. काही ठिकाणी नवख्यांना वापरायला जुन्या चकत्याही ठेवलेल्या असतात. यातल्या एकाही वस्तूला निविदा काढावी लागत नाही, पण त्या आहेत म्हणून माणूस दुसऱ्या दिवशी पुन्हा येतो.

आपल्याकडची गरज आपल्या हवेवरून ठरवावी लागेल. जळगाव-भुसावळ पट्ट्यात मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे जातो हे मी खान्देशच्या वाचकांना सांगायला नको. नऊ झाडांची फेरी म्हणजे तासाभराची पायपीट, तीही बरीचशी उन्हात. परवा एक मुलगा लिंबाखाली बसलेल्या मला विचारत होता, "सर, आठे पानी शे का कोठे?" नव्हते. शाळेत ज्याने मुलांना पाणी पिऊन या म्हणून आयुष्यभर सांगितले, त्याला मैदानावर पाणी नाही असे उत्तर द्यावे लागले, याचे मला फार वाईट वाटले. तो मुलगा घोटभर पाण्यासाठी भर उन्हात रस्त्यापलीकडच्या गॅरेजपर्यंत गेला.

पाण्याचा विषय निघाला की थंड पाण्याच्या यंत्राची मागणी पुढे येते. ते यंत्र बसते, त्याचे उद्घाटन होते, मग वीजबिल कोणी भरायचे यावर ते बंद पडते. माझे म्हणणे आहे की दोन मोठे रांजण पुरेत. मडक्याच्या छिद्रांतून पाणी पाझरते, त्याची वाफ होताना आतल्या पाण्यातली उष्णता जाते, आणि हवा जितकी कोरडी तितके पाणी गार. आपला उन्हाळा कोरडा असल्यामुळे रांजण इथे उत्तम काम देतो. बाहेरून ओले गोणपाट गुंडाळले, खाली वाळू घातली, वर झाकण ठेवले आणि लांब दांड्याचे ओगराळे साखळीने बांधले की झाले. मात्र आठवड्यातून एकदा रांजण पूर्ण रिकामा करून, आतून घासून, उन्हात वाळवला पाहिजे. डेंग्यूचा डास साठलेल्या स्वच्छ पाण्यातच अंडी घालतो, आणि अंड्यापासून डास व्हायला आठ-दहा दिवस पुरतात. आरोग्य खाते घरोघर 'कोरडा दिवस' पाळायला सांगते तो याचसाठी. ज्या रांजणाला कोरडा दिवस पाळणारा माणूस नाही, तो रांजण ठेवूच नये, हेही स्पष्ट सांगतो.

दुसरी वस्तू म्हणजे आकडी. चिंचा-कैऱ्या काढायला आपण घरोघर वापरतो तीच. चकती वेड्या बाभळीत अडकली की मुले हात घालतात, आणि काट्यांनी मनगटे सोलवटून घेतात. गवत वाढल्यावर तर हात घालणे धोक्याचेच. आपल्या रानात घोणस आहे, आणि ती पालापाचोळ्यात मिसळून जाते. एक लांब बांबू, टोकाला वाकवलेली सळई, आणि ती झाडाला टांगून ठेवायला खिळा. गवतात चकती शोधतानाही हाताआधी आकडी फिरली पाहिजे. शेजारी एका पत्र्याच्या डब्यात चिमटा, जंतुनाशक आणि पट्ट्या ठेवाव्यात. बाभळीचा काटा आत मोडला तर पाय सुजतो, आणि भरतीच्या तोंडावर असलेल्या मुलाचे तेवढ्याने वर्ष वाया जाऊ शकते.

झाडांवर रंगवलेल्या क्रमांकांचा आणखी एक उपयोग व्हावा. अशा मैदानांना पत्ता नसतो. कुणी चक्कर येऊन पडला आणि १०८ ला फोन लावला तर "टाकीच्या मागे, लिंबाजवळ" एवढेच सांगता येते, आणि तिथे लिंब तर जिकडेतिकडे आहेत. रस्त्याच्या तोंडाशी एक फलक लावून त्यावर मैदानाचे नाव, नऊ झाडांचा नकाशा आणि रुग्णवाहिका आत कुठून येईल ते रंगवावे. त्याच फलकावर धावण्याची वाट आणि चकतीची वाट वेगळ्या रंगात दाखवता येईल. जोरात आलेली चकती डोळ्यावर बसली तर गंभीर इजा होते, त्यामुळे धावणाऱ्यांना वाट कुठली ते कळलेच पाहिजे.

भरतीच्या मुलांचे दुखणे मी जवळून पाहतो. पोलीस शिपाई भरतीत मुलांना १६०० मीटर आणि मुलींना ८०० मीटर धावावे लागते, दोघांनाही १०० मीटर आणि गोळाफेक असते. मुलांचा गोळा ७.२६० किलोचा, मुलींचा ४ किलोचा. शेतमजुराच्या घरातल्या मुलीने चार किलोचा गोळा कुठून आणायचा? मग दगड फेकून सराव होतो. दगडाला गोळ्याची पकड येत नाही, बोटे चुकीची बसतात आणि प्रत्यक्ष चाचणीत गुण जातात. म्हणून मैदानावरच्या कुलूपबंद पेटीत मुलांचा एक, मुलींचा एक असे दोन गोळे, मोजपट्टी आणि नवख्यांसाठी चार जुन्या चकत्या असाव्यात. व्यायामाला दोन चटयाही ठेवाव्यात. देशभर चटया पुरवणाऱ्या जळगावला आपल्याच मुलींना त्या देणे जड नाही. वहीत नाव लिहून वस्तू न्यायची, परत आणून खूण करायची. शाळेच्या क्रीडासाहित्याची पेटी मी नोकरीभर अशीच चालवली. मुलांवर जबाबदारी टाकली की ती वस्तू सांभाळतात, हा माझा अनुभव आहे.

आता ज्याविषयी उघड बोलले जात नाही ते लिहितो. मुली पहाटे मैदानावर यायच्या आधीपासून पाणी पिणे टाळतात. कारण विचारू नये इतके उघड आहे. मैदानावर संडास नाही; शेजारच्या सार्वजनिक संडासाच्या दाराला आतून कडी नाही, दिवा नाही, नळाला पाणी नाही. एक मुलगी आत जाते आणि दुसरी बाहेर दार धरून उभी राहते. तहान मारून धावणाऱ्या मुलीच्या पायात गोळे येतात, डोके दुखते, लघवीच्या जागेचे विकार जडतात. आणि आपण म्हणतो मुली खेळात पुढे येत नाहीत! रांजण आणि संडास या दोन वेगळ्या मागण्या नाहीत. दाराला कडी लागल्याशिवाय रांजणातले पाणी मुलींच्या ओठाला लागणार नाही. त्या दाराला कडी, आत एक दिवा, पाण्याने भरलेली टाकी, झाकणाची बादली आणि हात धुवायला साबण, हे पालिकेने या यादीत सर्वांत आधी करावे.

कचऱ्याची बादलीही हवी. धावून झाले की आपल्याकडे केळी खाल्ली जातात, ती स्वस्त आणि चांगलीच आहेत. पण साली वाटेवर पडतात आणि पहाटेच्या अंधारात त्यावरून पाय घसरतो. पावसाळ्यात आपली काळी माती बुटाला किलोकिलोने चिकटते, तेव्हा फेकीच्या जागेशी जमिनीत आडवी रोवलेली लोखंडी पट्टी आणि एक खराटा ठेवला तर बूट खरवडून घेता येतील.

"ठेवलेले टिकत नाही, तोट्या चोरीला जातात," असे मला पालिकेतल्या एकाने ऐकवले. तोट्या जातात हे खरे आहे. पण जाण्याचे कारण मी असे पाहिले की वस्तू पालिकेची असते आणि तिची विचारपूस करणारे कुणी नसते. म्हणून प्रत्येक वस्तू कुणाच्या तरी नावावर करावी. रांजण भरण्याची सात वारांची सात नावे फलकावर लिहावीत. डबा आणि पेटीची किल्ली खेळणाऱ्यांपैकी दोघांकडे असावी, त्यातली एक किल्ली मुलीकडेच. पालिकेने संडास, पाणी आणि कचरा उचलणे एवढे आपल्याकडे ठेवावे आणि त्यासाठी एका कर्मचाऱ्याचे नाव नि फोन फलकावर द्यावा. खेळाडूंनी बाकीचे सांभाळावे. दर महिन्याला दोन्ही बाजूंनी एकदा मैदानावरच उभे राहून बोलावे.

खर्चाचे म्हणाल तर वाढदिवसाचा मोठा फलक छापायला जे लागते त्यात रांजण, आकडी, खराटा आणि चिमट्याचा डबा सहज बसतात. आई-वडिलांच्या स्मरणार्थ देवळात बाक देणारी पुष्कळ कुटुंबे आपल्या गावांत आहेत. त्यांतल्या दोघा-चौघांनी एकेक बाक मैदानावर, लिंबाच्या सावलीत द्यावा. साखळ्यांच्या टोपल्या आपल्या वेल्डिंगच्या दुकानांतही बनतील. मुले त्या मागत आहेत, आणि त्यांचा उत्साह मला मनापासून आवडतो. पण मी त्यांना सांगितले आहे की टोपली नंतर, आधी पाणी. लिंबाच्या झाडावर चकती आपटूनही खेळ होतो.

आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, जवळ आली आहे. त्या दिवशी आपण घरोघर पितरांच्या नावाने घागर भरतो, माहेरी आलेल्या लेकींना झोका बांधतो. यंदा त्याच दिवशी आमच्या मैदानावर रांजण भरावेत अशी पालिकेला, कॉलेजला आणि गावकऱ्यांना विनंती आहे. दोन रांजण आणि आकडी माझ्याकडून. सोमवारच्या पुढे माझे नाव लिहावे. त्या दिवशी रांजण भरण्याचे आणि कोरडा दिवस पाळण्याचे काम मी घेतो. मंगळवार ते रविवार नावे हवी आहेत. संडासाच्या दाराच्या कडीसाठी पालिकेला अर्ज दिला आहे, त्याचे उत्तर आले की आपल्याला कळवीन.

आपला नम्र,
एक निवृत्त क्रीडाशिक्षक
अमळनेर, जि. जळगाव