पंजा की रोलर, हे पैशावर ठरत नाही

मा. संपादक,
स. न. वि. वि.

महागडे सुटे भाग परवडत नाहीत म्हणून आपली मुले रोबोट स्पर्धांत मागे पडतात, अशा आशयाचा लेख आपल्या रविवारच्या पुरवणीत वाचला. पटला नाही. माझी सारी नोकरी भोसरीत टूलरूममध्ये झाली. आता चिंचवडच्या शाळकरी मुलांना ‘फर्स्ट टेक चॅलेंज’ या स्पर्धेच्या रोबोटसाठी जमेल तशी मदत करतो. या स्पर्धेतला खेळ दरवर्षी बदलतो. पैसा लागतोच, नाही असे नाही. पण गाडी अडते ती इनटेकपाशी, म्हणजे मैदानावरची वस्तू आत ओढणाऱ्या भागापाशी. आणि तो निवडायला नियमपुस्तिका नीट वाचावी लागते, एवढेच.

2024-25 च्या ‘इनटू द डीप’ या खेळात रोबोटला एका वेळी एकच ठोकळा बाळगता येत असे, तोही रंग पाहून निवडायचा. तिथे पंजा उत्तम: नेमका हवा तो उचलतो. 2025-26 च्या ‘डीकोड’मध्ये 5 इंची, भोके असलेले जांभळे-हिरवे प्लास्टिकचे चेंडू आले आणि एका वेळी तीन बाळगायची मुभा. आता पंजा घेऊन एकेक चेंडू टिपत बसायला वेळ कुठे आहे? चालकाच्या हाती रोबोट असतो तो दोनच मिनिटे. तरीही आदल्या वर्षीचा पंजाच पुन्हा बसवायचा मोह होतो, कारण तो तयार असतो!

‘डीकोड’ला रोलरच हवा, म्हणजे वस्तू आत ओढणारा फिरता दांडा, आणि तो रोबोटच्या रुंदीइतका. चेंडूला कड लागली की तो आत आलाच पाहिजे, चालकाला नेम धरावा लागता कामा नये. हा चेंडू टणक, दाबला जात नाही. म्हणून लवचीकपणा रोलरला द्यायचा. आमच्या मुलांनी सर्जिकल दुकानातून मीटरवर मिळणारी रबरी नळी आणली, तिचे तुकडे दांड्यावर बसवले आणि टोके जमिनीपासून 5 इंचांपेक्षा जराशी खाली येतील असा दांडा लावला. फार खाली आणला तर मोटर धापा टाकते, वर राहिला तर नळ्या चेंडूला नुसत्या गोंजारतात. रोबोट पुढे धावतो त्याहून नळ्यांची टोके जलद फिरायला हवीत, नाहीतर चेंडू पुढेच ढकलला जातो.

खरी डोकेदुखी त्यानंतर. रुंद तोंडातून दोन चेंडू एकदम शिरले की लोकलच्या दारात दोघे अडकावेत तसे अडकून बसतात. त्यासाठी दोन्ही बाजूंना तिरक्या पट्ट्या लावून वाट निमुळती करावी लागते. शिवाय चौथा चेंडू आत आला तर नियमभंग. म्हणून वाटेवर सेन्सर. तीन मोजले की रोलर उलटा फिरतो. मोटरी एकूण आठच वापरता येतात. चार चाकांना आणि एक-दोन मोटरी चेंडू फेकायला गेल्या की इनटेकच्या वाट्याला किती उरतात, हा हिशेब मुलांनी आधी कागदावर मांडावा. मोटरी सोडल्या तर यातल्या कुठल्या गोष्टीसाठी महागडे सुटे भाग लागतात, ते लेखकाने सांगावे.

एक विनंती. विजेत्या संघाचा करंडकासह फोटो आपण आवर्जून छापता. पुढच्या वेळी छायाचित्रकाराला रोबोटचाही एक फोटो समोरून, जमिनीलगत बसून घ्यायला सांगा. इतर शाळांतल्या मुलांना त्याचा करंडकापेक्षा जास्त उपयोग होईल.

आपला,
एक निवृत्त टूलरूम कामगार, चिंचवड