टर्मिनलमधील एस्केप कळीचा विलंब

संपादक महोदय,

टर्मिनलवर, म्हणजे फक्त मजकुरातून संवाद साधणाऱ्या खिडकीत, चालणाऱ्या प्रोग्राममध्ये एस्केप कळ दाबल्यावर क्षणभर काहीच घडत नाही, याचा दोष बहुतेक जण संगणकाच्या संथपणाला देतात. खरे कारण वेगळे आहे. टर्मिनल कळ कळवत नाही, बाइट (0 ते 255 मधले आकडे) पाठवते. एस्केपसाठी 27 हा एकच बाइट येतो आणि वरच्या बाणासाठी सहसा 27, 91, 65 असे तीन. त्यामुळे 27 हाती आल्यावर ती सुटी एस्केप आहे की बाणाची सुरुवात, हे ठरवण्यासाठी कळा वाचणाऱ्या लायब्ररीला (प्रोग्रामांनी वापरायच्या तयार कोडला) थांबावे लागते. एनकर्सेस या अशाच एका लायब्ररीमध्ये ही प्रतीक्षा मुळात 1000 मिलिसेकंद ठेवलेली आहे, जी आजच्या यंत्रांवर, माझ्या मते, अवाजवी आहे. अर्थात ती फारच कमी केली आणि दूरच्या सर्व्हरकडे जाताना बाइट रेंगाळले, तर एका बाणाच्या सुट्या एस्केप, चौकटी कंस आणि ‘ए’ अशा तीन कळा होतात.

देवनागरीचा मुद्दा तर याहून नाजूक आहे. ‘क्षि’ हे एक अक्षर यूटीएफ-8 या अक्षरे बाइटांत मांडण्याच्या पद्धतीत 12 बाइटांचे होते, आणि बॅकस्पेसने त्यातले किती पुसायचे याचा विचार न केलेल्या लायब्ररीत अर्धवट बाइट उरून ओळच विसकटते. लायब्ररी लिहिणाऱ्यांनी चाचण्यांत अशी जोडाक्षरे अवश्य घ्यावीत, ही विनंती.

आपला,
एक वाचक