दादा, पेटी ऐकू यायला लागली

प्रिय दादा,
सप्रेम नमस्कार.

अल्बम पूर्ण झाला. समोरासमोर आभार मानायला गेलं की तुम्ही विषय बदलता, म्हणून चारचौघांत लिहितोय.

बाबा गेल्यावर त्यांची पेटी मी हातात घेतली आणि मनात होतं नव्हतं ते सगळं रेकॉर्डिंगमध्ये कोंबलं. सतार, तबला, बासरीच्या लांबलचक ताना, वरून पावसाचा आवाज. धरमपेठेतल्या तुमच्या खोलीत तुम्ही ते शेवटपर्यंत ऐकलंत आणि विचारलंत, "एवढ्या गर्दीत बाबांची पेटी कुठे आहे, दाखव." मग एकेक ट्रॅक बंद करत गेलात. उरली पेटी, तानपुरा आणि बासरीचे मोजके सूर.

त्यांचे लूप, म्हणजे पुन्हापुन्हा वाजत राहणारे तुकडे, तुम्ही मुद्दाम असमान कापलेत. पेटीचा १७ सेकंदांचा, तानपुऱ्याचा २३, बासरीचा २९. एकदम सुरू केले तर तिघं पुन्हा एकाच क्षणी सुरुवातीला यायला ३ तासांहून जास्त लागतात. सूर तेच, पण गाठ दरवेळी वेगळ्या ठिकाणी पडते. १९७८ साली ब्रिटिश संगीतकार ब्रायन ईनोने विमानतळासाठीच्या अल्बममध्ये टेपचे लूप असेच कमीजास्त लांबीचे ठेवले होते, हे तुमच्याकडूनच कळलं.

तानपुऱ्याचं तर सांगायलाच हवं. ऐन नवतप्यात, आवाज नको म्हणून कूलर बंद! त्या उकाड्यात खर्जाची तार हळूहळू उतरत गेली आणि संध्याकाळचा टेक मध्यरात्रीच्या टेकशी जुळेना. दुसरा मी पुसणारच होतो. तुम्ही दोन्ही एकमेकांवर ठेवलेत. दोन सुरांत एका हर्ट्झचा फरक असला की सेकंदाला एक हेलकावा येतो. इथे फरक त्याहून कमी, म्हणून तो आवाज झोपलेल्या माणसाच्या श्वासासारखा संथ भरतो, ओसरतो. अख्ख्या अल्बममध्ये ही जागा मला सगळ्यांत जवळची.

आणि भाता! त्याची धाप काढून टाका म्हणून मी किती मागे लागलो, तुम्ही हात लावू दिला नाहीत. आईने ऐकलं तेव्हा सुरांबद्दल ती काहीच बोलली नाही. "भाता तसाच वाजतो," एवढंच म्हणाली. दादा, हे तुमच्यापर्यंत पोचायलाच हवं होतं.

पैशांचं नाव तुम्ही काढू देत नाही. कव्हरवर मात्र तुमचं नाव छापतोय, माझ्या नावाच्या शेजारी, त्याच आकारात. तेवढ्याला नाही म्हणू नका.

तुमचा,
धाकटा भाऊ
नागपूर