शाळेची इमारत मुलांच्या उंचीची हवी

महोदय,
शाळा बांधताना खोल्यांची संख्या आणि खर्च एवढाच विचार होतो आणि परीक्षा जवळ आली की चित्रकलेचा तास सर्वांत आधी गणिताला दिला जातो, याचे मनापासून वाईट वाटते. अमेरिकेतील विनेटका येथे १९४० मध्ये सुरू झालेल्या क्रो आयलंड शाळेत एलिएल व ईरो सारिनेन या पितापुत्र वास्तुरचनाकारांनी सहकाऱ्यांसह वर्गांची छते मुद्दाम खाली घेतली, दिव्यांची बटणे मुलांच्या हाताला येतील अशी बसवली आणि वर्गांना स्वतःचे अंगण दिले. सहा वर्षांच्या मुलाला दिवा स्वतः लावता येतो, तेव्हा ती खोली त्याला आपली वाटते. नव्या शाळांचे आराखडे मंजूर करताना खिडकीची उंची, उजेडाची दिशा आणि मुलांची चित्रे लावण्याची जागा यांचीही काटेकोर तपासणी व्हावी.