शाळीग्रामाच्या किनाऱ्यावर

साउदॅम्प्टन, रविवार

ती. आई-बाबा,
शि. सा. नमस्कार.

व्हिसा आला हे बाबांनी काल फोनवर सांगितलं, आणि मागून आईचा आवाज आला, "समुद्र बघायला एवढ्या लांब कशाला? मांडवी आहे की दारात." आई, फोनवर तू मला बोलू देत नाहीस, म्हणून लिहितेय.

मागच्या खेपेला धाकटी पाळण्यात होती. तुम्ही दोघांनी इंग्लंडमध्ये बघितलं काय, तर दुपटी, कुकर आणि एकदा लंडन. यंदा जूनमध्ये चार दिवस डॉर्सेटला जायचं ठरवलंय. आमच्याकडून गाडीने पश्चिमेला निघालं की तासाभराच्या आतच ही काउंटी लागते. तिचा आणि शेजारच्या डेव्हनचा मिळून 95 मैलांचा किनारा 2001 पासून जागतिक वारशाच्या यादीत आहे. तिथल्या कड्यांमध्ये साडेअठरा कोटी वर्षांचे थर एकावर एक रचलेले दिसतात. आपल्या कातळासारखं नाही हे, कडे मऊ आहेत, दर पावसाळी वादळात ढासळतात आणि पोटातलं बाहेर टाकतात.

काय टाकतात, ते चारमथला बघितलं. ओहोटीच्या वेळी वाकून गोटे चाळत बसायचं. थोरल्याला अर्ध्या तासात सापडला: रुपयाएवढा, काळा, आत आत वळत गेलेला शंख, कडेने बारीक दाते. हातात धरून ओरडला, "हा तर आजीच्या देवघरातला!" आणि खरंच गं आई. इथे त्याला अ‍ॅमोनाइट म्हणतात. गंडकीच्या पात्रातला तुझा शाळीग्राम आणि हा, एकाच कुळातले. हिमालय उभा राहण्याआधी तिथेही समुद्र होता, त्याच्या गाळात हेच प्राणी रुतून दगड झाले. सुट्टे पडलेले घरी आणायला इथे मुभा आहे, कड्यावर हातोडा मात्र चालवायचा नाही. वर छोटं संग्रहालय आहे, तिथली माणसं पोरांनी आणलेला प्रत्येक गोटा हातात घेऊन काय ते सांगतात. बहुतेक वेळा तो नुसता गोटाच असतो, पण तेही कौतुकाने सांगतात.

त्या दिवशी माझी फजितीही झाली. चारमथहून लाइम रीजिसला किनाऱ्याकिनाऱ्याने चालत निघालो आणि भरती कधी, ते बघितलंच नाही. पाणी कड्याला लागायला लागलं तेव्हा दोन्ही पोरांना ओढत मागे पळालो. चपला गेल्या. घरी येऊन कालनिर्णय बघितलं, तर आदल्या दिवशी पौर्णिमा! तू असतीस तर निघतानाच म्हणाली असतीस, "उधाण आहे, आज नको." आता तुम्ही आलात की भरती-ओहोटीचं खातं तुझ्याकडे.

लाइम रीजिसला आपण गाडीनेच जाऊ. तिथल्या मेरी अ‍ॅनिंगची गोष्ट तुला आवडेल. जन्म 1799 चा, सुताराची पोर. बाप किनाऱ्यावरचे हे दगड पाहुण्यांना विकायचा, तो लवकर गेला आणि पोरीने तेच काम पुढे चालवलं. बारा-तेरा वर्षांची असताना तिने इक्थिओसॉर या समुद्रात राहणाऱ्या प्राचीन सरपटणाऱ्या प्राण्याचा अख्खा सांगाडा कड्यातून काढवला, त्याचं डोकं आधी भावाला सापडलं होतं. मोठमोठे विद्वान तिच्याकडून माल घेऊन गेले, पण भूशास्त्राच्या मंडळात बायकांना प्रवेशच नव्हता. आता गावात तिचा पुतळा आहे, कुत्र्यासकट. तो बसायला 2022 साल उजाडलं.

बाबा, तुमच्यासाठी ब्राउन्सी बेट. पूलच्या धक्क्यावरून होडी. 1907 च्या ऑगस्टमध्ये स्काउटचे जनक बेडन-पॉवेल वीसेक मुलांना घेऊन पहिल्या शिबिरासाठी तंबू ठोकून राहिले, ते हेच. बड्या शाळांतली आणि साध्या कामगारांच्या घरची पोरं एकत्र. तिथे आठवणीचा दगड आहे. तुम्ही तीस वर्षं शाळेच्या पटांगणात आमच्याकडून गाठी बांधून घेतल्यात, त्या दगडापाशी तुमचा फोटो काढायचाच. स्कार्फ आणि तो अडकवायची वॉगलची कडी बॅगेत टाका. वाट चढउताराची आहे, आईने धक्क्याजवळ चहा घेत बसावं, तिथे मोर फिरतात. झाडांवर लाल खारी दिसतील. अमेरिकेतून आणलेल्या करड्या खारींनी त्यांना बाकी दक्षिण इंग्लंडमधून जवळजवळ हुसकून लावलंय.

स्वानेजची वाफेची आगगाडी मुलांपेक्षा बाबाच जास्त मागे लागून बघणार, ते मला माहीत आहे. ती कॉर्फच्या पडक्या किल्ल्याशेजारून जाते. 1646 मध्ये यादवी युद्धात पार्लमेंटच्या फौजेने तो घेतला आणि सुरुंग लावून फोडला. तिरके झालेले बुरूज अजून तसेच उभे आहेत. एक दिवस मंकी वर्ल्डला, कारण तसं धाकटीला कबूल केलंय. तमाशाचा प्राणिसंग्रह नाही हा. स्पेनच्या किनाऱ्यांवर फोटोवाल्यांनी छळलेल्या चिंपांझींसाठी 1987 मध्ये सुरू झालेलं घर आहे.

सगळे फोटोत दाखवतात ती डर्डल डोअरची दगडी कमान मी मुद्दाम वगळली आहे. उतार आणि पायऱ्या दोन्ही उभ्या, आईच्या गुडघ्यांना कशाला शिक्षा? त्याऐवजी शेजारची लुलवर्थची गोल खाडी बघू. तिथे थेट पाण्यापर्यंत रस्ता जातो.

बॅगेत कोकम आणा, लोणचं नको, मागच्या वेळचं अजून आहे. स्वेटर मात्र नक्की. जून आहे म्हणून फसू नका, वारा बोचरा असतो.

आणि आई, थोरल्याने तो अ‍ॅमोनाइट आमच्या देवघरात ठेवलाय. आमची तुळस या हिवाळ्यात गेली, म्हणून त्याच्यावर रोज कुंडीतलं पुदिन्याचं पान वाहतो. चालतं का, ते तूच येऊन त्याला सांग.

तुमची,
बाबी